शलाका धरताना तू डोळे मिटलेस का

वामन,

आपल्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला आहे. संपादकांनी फोनवर सुचवले की गोडसा लिहा. तुझा जन्म, तुझी पदे, तुझे पुरस्कार हे सगळे वर्तमानपत्रांनी आधीच छापले आहे. त्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि माझ्या ओळखीचा वामनही सापडला नाही. म्हणून ते सोडून देतो. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. मला तुझ्याशी एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. तू जिवंत असताना ती मी तीनदा काढली, आणि तिन्ही वेळा तू उत्तराच्या जागी दुसरेच काही पुढे केलेस.

शलाका हातात होती तेव्हा तू डोळे मिटले होतेस का?

अंक वाचणाऱ्या तरुणांना शलाका म्हणजे काय हे ठाऊक नसेल. त्यांच्यासाठी सांगावे लागेल. तूही ऐक.

दुर्गाघाटला, फुलवाल्याच्या दुकानावरच्या माडीत आबाशास्त्र्यांची पाठशाळा होती. तिला पाटी नव्हती. ज्याला यायचे आहे तो विचारत येईल, असे शास्त्रीबुवा म्हणत. आपण दोघे त्याच गल्लीतले. घरात मराठी, गल्लीत बनारसी, आणि माडीवर चढलो की संस्कृत. शास्त्रीबुवा न्यायशास्त्र शिकवत आणि प्रमाणपत्र देत नसत. परीक्षा एकच असे, सगळ्यात शेवटी. सुट्या पानांची पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधून ठेवत आणि कडेने तिच्यात एक बारीक चांदीची काडी सरकवत. ती शलाका. ती जिथे थांबेल ते पान उघडून गुरू पहिली ओळ वाचत. विद्यार्थ्याने पोथीकडे न पाहता त्या पानाचा अर्थ लावायचा, शंका उभ्या करायच्या, त्यांचे निरसन करायचे. ही रीत काशीत जुनी आहे. आपल्या पाठशाळेचा विशेष एवढाच की शलाका गुरू घालत नसत. ती प्रतिस्पर्धी घालत असे.

"तुझ्या पडण्यानं जो वर चढणार आहे त्याच्याच हातात काडी द्यावी," शास्त्रीबुवा म्हणत, "आणि त्याला डोळे मिटायला सांगावं. खरंच मिटले की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. ही परीक्षा एकाची नसते रे, दोघांची असते."

आपल्या वेळी शेवटपर्यंत दोघेच टिकलो होतो, तू आणि मी. जो उत्तीर्ण होईल त्याला पोथी, शलाका आणि शास्त्रीबुवांच्या मागे पाठशाळा मिळायची होती. दोघेही झालो तर ती दोघांची असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

परीक्षेच्या आधी मला विषमज्वर झाला. त्या दिवसांविषयी मला तुझे ऋण मानायचे आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते कमी होत नाही. तू रोज संध्याकाळी आमच्याकडे येत होतास. माझी आई तुला आत येऊ देत नसे, म्हणून उंबऱ्याबाहेर बसून तू मला त्या दिवशीचा पाठ सांगत होतास. नुसता सांगत नव्हतास. उलटे प्रश्न घालत होतास, मला चिडवत होतास, "तापात तुझं डोकं बरं चालतं, बरा होऊ नकोस" असे म्हणत होतास. न्यायाचे पान वाचून येत नाही. कुणीतरी समोर बसून ते मोडायचा प्रयत्न करावा लागतो, तेव्हा ते येते. तू एकेक पान माझ्यासमोर मोडलेस, म्हणून मी परीक्षेला बसू शकलो. शेवटी हेत्वाभासांच्या प्रकरणातले एकच पान राहिले. जे कारणासारखे दिसते पण कारण नसते, त्याला हेत्वाभास म्हणतात. त्या पानाविषयी तू म्हणालास, उद्या. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे आले, आणि तिसऱ्या दिवशी परीक्षा होती.

तुझ्या वेळी शलाका मी घातली. डोळे मिटून घातली. पान अवघड निघाले आणि तू ते असे लावलेस की शास्त्रीबुवांनी विडा चघळायचे थांबवून ऐकले. मग तू माझ्यासाठी शलाका घातलीस. फळी उघडली तर तेच पान. जे राहिले होते ते.

मी निम्म्यापर्यंत गेलो आणि अडलो. शास्त्रीबुवांनी वाट पाहिली. मग तुला म्हणाले, "वामन, तू वरच्या चटईवर बस." मला काही म्हणाले नाहीत. खालच्या चटईवर मी बसलेलोच होतो.

त्यानंतर माझे आयुष्य एका इंटर कॉलेजात गेले. ज्यांना विज्ञान शाखेत जागा मिळाली नाही अशा मुलांना मी संस्कृतची रूपे घोकायला लावली. लोकांना वाटे की मी मनात कुढत असेन. मी कुढलो नाही. आंधळ्या माणसाचा धक्का लागला तर आपण त्याच्यावर रागावत नाही. शलाका आंधळी होती. माझे जे राहिले होते तेच तिने दाखवले, तेव्हा मी नापास झालो ते योग्य झाले. एवढ्या एका वाक्यावर मी सरळ उभा राहिलो, वामन. दुसरा आधार मला लागला नाही.

तुझ्या प्राध्यापकीचा मी कधी हेवा केला नाही. रविवारी तू माडी उघडत होतास, विद्यार्थी कमी होत होते, शेवटचा एक मुलगा स्पर्धा-परीक्षेच्या शिकवणीसाठी दिल्लीला गेला तेव्हा तू कुलूप लावलेस. त्याचा दोष मी तुला दिला नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा तू रोज येऊन बसलास. ती गेली तेव्हा पहिला खांदा तू दिलास. मणिकर्णिकेवर मला काही सुचत नव्हते आणि लाकडांपासून सगळे तू पाहिलेस. त्या संध्याकाळी तू मला एकही सांत्वनाचे वाक्य ऐकवले नाहीस, याबद्दल मी अजून तुझा आभारी आहे.

निवृत्त झाल्यावर तू त्या विद्यापीठात गेलास. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. शहरात त्याचे फलक पुरेसे आहेत. विमानतळाच्या रस्त्यावर बटाट्याच्या शीतगृहांच्या एका मालकांनी ते उभे केले, आणि व्यवस्थापन, औषधनिर्माण, हॉटेल यांच्या जोडीला एक संस्कृत विभागही काढला. तू त्याचा अधिष्ठाता झालास. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. म्हातारपणी माणसाला जायला जागा हवी.

मग त्यांना इतिहास हवा झाला. परगावची मुले प्रवेश घेताना विद्यापीठ कधीचे आहे असे विचारतात, हे तूच मला शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसून हसत हसत सांगितलेस. आणि तू त्यांना इतिहास दिलास. आबाशास्त्र्यांची पाठशाळा हेच विद्यापीठाचे मूळ, असे परिचय-पुस्तिकेत आले. पोथी आणि शलाका काचेच्या पेटीत गेल्या. प्रवेशद्वाराजवळ एक लांबलचक भिंत उभी राहिली आणि तिच्यावर नामवंत माजी विद्यार्थी लागले. इमारतीला अजून रंगाचा वास येत होता आणि तिचे बहुतेक विद्यार्थी पाया खणण्यापूर्वीच वारले होते.

ती भिंत दाखवायला तू मला गाडी पाठवलीस. शास्त्रीबुवांचे छायाचित्र कधी काढलेच नव्हते, म्हणून तुम्ही चित्र करवून घेतले होते. चित्रात छातीपर्यंत पांढरी दाढी होती. शास्त्रीबुवा दर पंधरा दिवसांनी न्हाव्याकडे जात आणि एका डोळ्याने तिरळे होते. मी तसे म्हणालो तेव्हा तू म्हणालास, "अरे, गुरू म्हटलं की दाढी लागतेच. तिरळा गुरू बघून कोण प्रवेश घेईल?" मी हसलो. ते तेव्हा खरेच हसण्यासारखे होते.

पुढे गेलो तर भिंतीवर मी होतो. इंटर कॉलेजच्या निरोप समारंभातले छायाचित्र, गळ्यात झेंडूचा हार. खाली लिहिले होते: सुप्रसिद्ध नैयायिक, शलाका-परीक्षा उत्तीर्ण.

मी तुला ते काढायला सांगितले. विद्यापीठाचे मालक, म्हणजे कुलाधिपती, तिथेच उभे होते. सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, यह तो सम्मान है।" मी म्हणालो की मी उत्तीर्ण झालो नव्हतो. ते तुझ्याकडे पाहू लागले. तू माझा दंड धरून मला बाजूला नेलेस आणि मराठीत म्हणालास, "गोपाळ, मग काय लिहू? सुप्रसिद्ध नापास? लोक तुझ्याकडे बघून पुढे जातील, वाचतंय कोण."

माझे छायाचित्र तिथेच राहिले. माझे नापास होणे माझ्याजवळ होते. ते एकच मी प्रामाणिकपणे मिळवले होते, आणि तू ते रंगवून टाकलेस. तरी मी घरी येऊन गप्प बसलो. म्हटले, ही भिंत आहे. भिंतीवर काहीही लिहितात.

दीक्षान्त समारंभात शलाका-परीक्षा जाहीरपणे करायची, ही कल्पना कुणाची होती ते तू मला कधी नीट सांगितले नाहीस. परीक्षक म्हणून मला बोलावलेस. मी एकच विचारले, काडी कोण घालणार? तू म्हणालास, रीतीप्रमाणे प्रतिस्पर्धी घालेल. म्हणून मी आलो.

मांडव विमानाच्या हँगरएवढा होता. मोठमोठे पडदे, वर भिरभिरणारा कॅमेरा, आणि माझ्या गळ्यात भगवे उत्तरीय. परीक्षा देणारी मुलगी ऋचा, बलियाकडची, आचार्य पदवीच्या वर्गातली. शलाका घालणारी तिची वर्गातली प्रतिस्पर्धी श्वेता. पोथी आपली नव्हती. रेशमी कापडात बांधलेली नवी छापील होती, सुटी पाने तेवढी जुन्या पद्धतीची. श्वेताने डोळे मिटून काडी सरकवली. मी फळी उचलली आणि काडी थांबली होती त्या दोन पानांमध्ये मला एक पुठ्ठ्याची पट्टी सापडली. पानाच्या रंगाची, पानापेक्षा केसभर आखूड. कडेला बारीक फट राहील आणि काडी दुसरीकडे जाणारच नाही, अशी.

मुलीचा दोष नव्हता. मी त्या पानावर प्रश्न विचारले आणि तिने सगळी उत्तरे दिली. मग मी पुढचे पान उलटून एक प्रश्न विचारला. ती माझ्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि शंख वाजला.

मांडवामागच्या खोलीत मी पट्टी तुझ्या हातात दिली. तू ती अनोळखी असल्यासारखी पाहिली नाहीस. तेवढा तरी मान ठेवलास. म्हणालास, "एवढ्या लोकांसमोर पोरगी अडखळली असती तर तिचंच हसं झालं असतं ना? दया म्हण याला."

मी म्हणालो, "शलाका आंधळी असते. तेवढंच तर तिच्यात आहे."

तू चहाचा पेला उचललास आणि हसत म्हणालास, "गोपाळ, तू अजून तसाच आहेस. शलाका कधी आंधळी असते का रे? आपल्या वेळी तरी होती का?"

बाहेरून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तू गेलास.

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला परतीच्या रस्त्यावर पांडेपूरच्या चौकापर्यंत वेळ लागला. जे पान तू शिकवले नव्हतेस ते तुला माहीत होते. ते फक्त तुला माहीत होते. पोथी परीक्षेच्या सकाळी कुणी बांधली होती, हे मला आठवेना. तूच बांधली असशील, किंवा मी, किंवा शास्त्रीबुवांनी. इतकी वर्षे हा प्रश्न मनात आलाच नव्हता, म्हणून ते आठवणीत राहिले नव्हते.

शिंदे घाटावर आपण संध्याकाळी बसत असू. पुढच्या भेटीत तिथे मी तुला सरळ विचारले, तू डोळे मिटले होतेस का. कललेल्या देवळाच्या बाजूला परगावची मंडळी नावेतून फोटो काढत होती. तू त्यांच्याकडे पाहत म्हणालास, "सोड ना यार. चिता थंडी झाली, आता राख काय उकरतोस." एवढ्यावर थांबला असतास तर बरे होते. पण तू पुढे म्हणालास, "आणि समज नव्हते मिटले. मग तू काय करशील? परत परीक्षा देशील?"

मी उठून घरी आलो. पुढे बरेच दिवस मी घाटावर गेलो नाही. तूही निरोप धाडला नाहीस.

तिसऱ्यांदा विषय काढला तो रुग्णालयात. सुमतीवहिनींचा फोन आला म्हणून आलो होतो. तुझ्या नाकाला नळी होती आणि हात फार बारीक झाले होते. मी तुझी चौकशी करायला हवी होती हे मला कळते. मी केलीही. मग वहिनी औषध आणायला खाली गेल्या आणि मी विचारले. तू भिंतीकडे तोंड वळवलेस. मला वाटले, झोपलास. मग माझ्याकडे न पाहता म्हणालास, "तू पास झाला असतास तर काय झालं असतं? माझ्यासारखा झाला असतास."

मी ते वाक्य सगळ्या बाजूंनी तपासले आहे, वामन. तुझ्याच पद्धतीने मोडून पाहिले आहे. त्यात कबुली आहे असे वाटते, आणि दुसऱ्या क्षणी वाटते की नुसता थकवा आहे. तू मला वाचवलेस असे सांगत होतास का? तसे असेल तर तो अधिकार तुला कुणी दिला? आणि तसे नसेल, तू खरेच डोळे मिटले असशील, तर एक "होय" म्हणायला तुला किती श्वास लागला असता? तुझ्याजवळ तेवढा होता. वहिनी परत आल्या तेव्हा तू त्यांना नर्सविषयी दोन विनोद सांगितलेस. ते मी ऐकले.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुझ्या मुलाने नातवंडांना सांभाळीन अशी शपथ घेतली, वहिनींनी घराची काळजी करू नका म्हणून सांगितले. विद्यापीठाकडून आलेला तरुण पुढे होऊन म्हणाला, "सर, परंपरा अखंड रहेगी।" कावळे पलीकडच्या छज्ज्यावर बसून राहिले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काहीतरी राहिलं होतं ना? तुम्ही रुग्णालयात येऊन गेलात तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तुम्हीच काही बोला." आपले भांडण कशावरून होते हे त्यांना ठाऊक नव्हते. मी म्हणालो, एका पानावरून. त्यांना वाटले मी विषय टाळतो आहे.

मी बोललो नाही. प्रश्न सोडला, असे म्हणालो असतो तर ते खोटे झाले असते, आणि पिंडासमोर खोटे बोलणे मला जमत नाही. ऊन चढले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. तुला तो चालला असता. खऱ्याच्या जागी तसाच दिसणारा.

विद्यापीठातल्या शोकसभेत मला बोलायला लावले. मी म्हणालो की वामन माझ्याबरोबर शिकला आणि त्याच्यासारखा पाठ सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग मी म्हणालो की भिंतीवर माझ्याविषयी जे लिहिले आहे ते खरे नाही, आणि खाली बसलो. सूत्रसंचालक मुलीने ते माझी विनम्रता म्हणून जाहीर केले. कुलाधिपतींनी दरवर्षी तुझ्या नावाने शलाका-सन्मान देण्याची घोषणा केली आणि मला कायमचे परीक्षक होण्याची विनंती केली. मी म्हणालो, पोथी माझ्या घरून येईल आणि बांधीन मीच. ते आदराने मान हलवत राहिले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

फोनऐवजी त्या दोघी आल्या. ऋचा आणि श्वेता. परवा दुपारी, विचारत विचारत, दुर्गाघाटच्या गल्लीतून माझा जिना चढून. ऋचा उभी राहूनच बोलली.

"गुरुजी, उस दिन पन्ना हमको पहले से बता दिया गया था। आप समझ गए थे न?"

समजलो होतो, असे मी सांगितले.

"तो टोके काहे नहीं?"

"जिनको टोकना था, उनको टोका।"

ती म्हणाली, "हमको असली वाली देनी है।"

मी नाही म्हणायला हवे होते. पाठशाळा उरलेली नाही, शास्त्रीबुवा नाहीत, मी उत्तीर्ण नाही. परीक्षा घेण्याचा मला अधिकार कोणता? हे सगळे मी तिला सांगितले. श्वेता म्हणाली, "गुरुजी, अधिकार वाले तो पुट्ठा रखते हैं।" मुलीची जीभ तिखट आहे. तुला आवडली असती.

मी माझी पोथी काढली, पाने झटकली आणि त्यांच्यासमोर बांधली. शलाका काचेच्या पेटीत आहे. ती चांदीचीच असावी असा नियम नाही. माझ्या बायकोची विणायची सुई कपाटात होती, ती दिली. श्वेताने डोळे मिटले. लहान मूल कडू औषध घेताना मिटते तसे, कपाळ आणि नाकासकट. सुई गेली ती पोथीच्या पार शेवटाकडे थांबली. शब्दाच्या शक्तीचे प्रकरण. ऋचाने सुरुवात चांगली केली. दुसऱ्या शंकेवर अडली, मागे गेली, परत आली, पुन्हा अडली. मी वाट पाहिली. वाट पाहताना परीक्षकाला काय होते हे मला पहिल्यांदाच कळले.

"नहीं हुआ," मी म्हणालो.

"थोड़ा भी नहीं?"

"आधा हुआ। आधे को नहीं होना कहते हैं।"

तिने ओठ चावला. मग विचारले, पुन्हा कधी येऊ. मी सांगितले, पूर्ण झाले की. दोघी माझ्या पाया पडून जिना उतरू लागल्या. माझा जिना अरुंद आहे, खालचे बोलणे वर ऐकू येते. श्वेता म्हणत होती, "देख, हम आँख सच में बन्द किए थे। कसम से।"

"मालूम है," ऋचा म्हणाली. "तुम्हारा मुँह देख रहे थे हम।"

मी पोथी बांधायची सोडून तसाच बसून राहिलो. आपल्या माडीत परीक्षा देणाऱ्याने गुरूंकडे पाहायचे असे. मी शास्त्रीबुवांकडे पाहत होतो. तुझा चेहरा मी पाहिला नाही. तो त्यांना दिसत होता, आणि त्यांनी तुला वरच्या चटईवर बसवले. म्हणजे तू डोळे मिटले होतेस, असा एक निष्कर्ष निघतो. त्यांनी उघडे पाहिले आणि तरीही बसवले, असा दुसरा निघतो. दुसरा खरा असेल तर मला एक नव्हे, दोन माणसे गमवावी लागतील. या वयात तेवढी माझ्याकडे उरलेली नाहीत.

त्या दोघी वळणापर्यंत त्या पानावरून भांडत गेल्या. आपण दोघेही त्या संध्याकाळी माडीवरून बरोबरच उतरलो होतो. मी नापास, तू पाठशाळेचा वारस. तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि आमचे दार येईपर्यंत काढला नाहीस. इतकी वर्षे मी त्या हाताला सांत्वन समजत आलो, आणि माझ्या बायकोच्या वेळी तू गप्प बसून होतास तेव्हाही मला तोच हात आठवला होता. आता त्या हाताचे काय करायचे, ते तू सांगून जायला हवे होतेस.